फुपीच्या ओवीशेजारी कोण बसलं?

माझी फुपी ऐंशीच्या पुढे गेली आहे. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावात मुलाण्यांची पाच-सहा घरं आहेत. त्या घरांतल्या जुन्या बायकांपैकी जात्यावर ओवी म्हणणारी आता ती एकटीच उरली आहे. तिच्या ओवीत पंढरीचा विठू येतो, गावाबाहेरच्या टेकडीवरचा पीर येतो, माहेरचा भाऊ येतो. यातलं कोण कोणत्या धर्माचं, याचा हिशेब तिने कधी ठेवलेला नाही. बाहेरून येणाऱ्याला याचं फार अप्रूप वाटतं. तिला वाटत नाही. हळदीला जातं मांडलं की ओवी म्हणायची, त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं ती म्हणते. म्हणून मीही आज तिच्या ओवीबद्दल फार लिहिणार नाही. त्या ओवीचा व्हिडिओ वेबपानावर लावताना माझ्याकडून काय चुकलं, त्याबद्दल लिहिणार आहे. विषय यंत्राचा वाटेल. मला तो आता अदबीचा वाटतो.

मागच्या हिवाळ्यात मी तिचं चित्रण केलं. आधी इजाजत मागितली. ती म्हणाली, "ऐकू दे की जगाला, माझं काय जातंय?" अटी दोनच होत्या. तिच्या डोक्यावरचा पदर ढळलेला असेल तो भाग ठेवायचा नाही, आणि समोर बसून खुंटा ओढणाऱ्या सुनेचा चेहरा दिसू द्यायचा नाही. सुनेचे फक्त हात दिसले तर चालतील. मी फोन एका पाटाला टेकवून ठेवला. चौकटीत फुपी पुरती आली, सुनेचे मनगटापर्यंतचे हात आले, मागे शेणाने सारवलेली भिंत. वीस मिनिटांचं चित्रण झालं. मधेच ती उठली, पीठ गोळा करायला लागली, तेव्हा मी फोन बंद केला.

घरी आल्यावर मी तेच केलं जे सगळे करतात. एका फुकटच्या व्हिडिओ-सेवेवर तो चढवला, तिथून कोडच्या दोन ओळी उचलल्या आणि कुटुंबाच्या वेबपानावर चिकटवल्या. पाच मिनिटांचं काम. व्हिडिओ छान चालत होता, कुठे अडकत नव्हता. खानदानाच्या ग्रुपवर दुवा टाकला. दुबईतल्या चुलतभावापासून मुंब्र्यातल्या भाचीपर्यंत सगळ्यांनी हृदयाची चिन्हं पाठवली. मीही खूश.

पुढच्या ईदला गावी गेलो. बासी ईदच्या संध्याकाळी फुपीच्या नातवाने आपल्या फोनवर ते पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. ती पाहत राहिली. स्वतःचा आवाज ऐकताना माणूस जसा अवघडतो तशी थोडी अवघडली, मग सैल झाली. शेवटची ओवी संपली. आणि तिचा चेहरा होता त्याच जागी, त्याच चौकटीत, एकदम छोट्या-छोट्या चित्रांची जाळी उमटली. एका चित्रात टीव्हीवरचा एक निवेदक बोट रोखून ओरडत होता. खाली लाल अक्षरांत आपल्या लोकांबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही. त्याच्या बाजूच्या चित्रात एक मौलवीसाहेब होते, तेही बोट रोखून. बाईच्या आवाजात गाणं किती मोठं पाप आहे, हे ते सांगणार होते. तिसऱ्या चित्रात गोरं होण्याचं क्रीम.

फुपीला वाचता येत नाही. पण रोखलेलं बोट वाचायला अक्षरं लागत नाहीत. तिने विचारलं, "ही मानसं कुठनं आली रं मधीच? ह्यांला कोन बोलावलं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण बोलावलं मीच होतं.

वेबपानात व्हिडिओ बसवतो म्हणजे आपण नेमकं काय करतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. मलाही त्या संध्याकाळपर्यंत ते कळत होतं, पण वळत नव्हतं. सेवेकडून उचललेल्या त्या दोन ओळींना आयफ्रेम म्हणतात. आयफ्रेम म्हणजे आपल्या घराच्या भिंतीला पाडलेली खिडकी, जी शेजाऱ्याच्या खोलीत उघडते. भिंत आपली, खोली त्याची. खिडकीतून दिसणाऱ्या खोलीत काय ठेवायचं, कधी बदलायचं, आत डोकावणाऱ्याची कुठे नोंद करायची, हे सगळं तो ठरवतो. पाहणाऱ्याला मात्र ती खोली आपल्याच घराचा भाग वाटते. फुपीने मला इजाजत दिली होती ती ओवीची. ओवी संपल्यावर तिच्या जागेवर कोण येऊन बसेल याची इजाजत तिने दिली नव्हती, आणि ती मागायची असते हे मला सुचलंही नव्हतं.

मित्र म्हणाले, अरे, त्याला सेटिंग असतं. असतं, मान्य. काही सेवा शेवटची शिफारस आटोक्यात ठेवण्याची सोय देतात. पण ती सोय त्यांची असते. आज दिली, उद्या नियम बदलला, परवा त्याच सोयीसाठी पैसे मागितले, तर माझ्या पानावर काय दिसतंय हे मला कोणी कळवणार नाही. गावात एखाद्या बाईने ते पान उघडलं की मगच कळणार. आणि आपल्याबाबतीत हा धोका इतरांपेक्षा मोठा आहे, हे बोलून टाकलेलं बरं. ओवी म्हणणारी बाई मुसलमान आहे, एवढं यंत्राला समजलं की ते "मुसलमान" या शब्दाभोवती जे सर्वात जास्त पाहिलं जातं ते आणून ठेवतं. आणि सर्वात जास्त काय पाहिलं जातं? दोन्ही बाजूंची रोखलेली बोटं. ज्या गोष्टीला उत्तर म्हणून आपण फुपीचा आवाज लोकांसमोर ठेवतो, तीच गोष्ट तिच्या मांडीला मांडी लावून बसते.

दुसरी गोष्ट टिकण्याची. २०१० च्या आसपासच्या कितीतरी मराठी पानांवर व्हिडिओ फ्लॅशच्या आधारे बसवलेले होते. अडोबी कंपनीने २०२० च्या ३१ डिसेंबरला फ्लॅशचा आधार संपवला आणि ज्यांनी वेळेत बदल केला नव्हता त्यांच्या चौकटी रिकाम्या झाल्या. त्याच वर्षी २९ जूनला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. बंदी बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण त्या ॲपवर खेड्यापाड्यातल्या किती बायका-पोरांनी आपली गाणी, नकला, शेतातली कामं टाकली होती! ज्यांनी मूळ फाइल स्वतःजवळ ठेवली नव्हती, त्यांच्या हातात त्या दिवशी काही उरलं नाही. ज्या पानांनी त्या चौकटी आपल्यात बसवल्या होत्या, तिथेही भोक तेवढं राहिलं.

तेव्हा मी ठरवलं की खिडकी बुजवायची आणि फाइल स्वतःच्याच जागेवर ठेवायची. यासाठी आता कुठल्या खास यंत्रणेची गरज नाही. एचटीएमएलची पाचवी आवृत्ती २०१४ साली प्रमाण म्हणून जाहीर झाली. तिच्यात व्हिडिओसाठी स्वतंत्र टॅग आहे. फाइलचं नाव लिहा, नियंत्रणाची बटणं दाखवायला सांगा, झालं. बाकीचं ब्राउझर पाहतो.

झालं कसलं? इथे माझी दुसरी फजिती झाली, आणि ती पहिल्यापेक्षा शिकवून गेली.

मी फोनमधल्या चित्रणातले पहिले चार मिनिटांचे तुकडे जसेच्या तसे कापून चढवले. माझ्या घरी वायफायवर मस्त चालले. फुपीच्या नातवाने फोन केला, "चाचा, नुसतं गोल फिरतंय." मुंब्र्यातल्या भाचीकडेही गोल फिरत होतं. दुबईत तेवढं चालत होतं. म्हणजे ज्यांच्यासाठी हे केलं ते सोडून बाकी सगळ्यांना ओवी ऐकू येत होती. त्या फुकट सेवेवर सगळ्यांकडे चाललेला व्हिडिओ माझ्या जागेवर का चालेना, हे समजून घ्यायला मला चार रात्री लागल्या.

व्हिडिओ न अडखळता चालणं म्हणजे काय, हे सांगायला मला जात्याहून चांगलं उदाहरण सापडत नाही. एक हात खुंट्यावर फिरत असतो, दुसऱ्या हाताने थोड्या थोड्या वेळाने जात्याच्या तोंडात वैरण पडत असते. वैरण वेळेवर पडली तर जातं एका लयीत फिरतं. उशिरा पडली तर दगडावर दगड घासतो. फोनचा पडदा हे जातं आणि नेटवरून येणारा डेटा ही वैरण. पडदा सेकंदाला जेवढं दळतो तेवढं सेकंदाला आलं पाहिजे, शिवाय थोडं सुपात शिल्लक पाहिजे. त्या शिलकीला बफर म्हणतात. शिल्लक संपली की गोल फिरायला लागतं.

आता माझं जातं किती खादाड होतं पाहा. माझ्या फोनने केलेलं चित्रण मिनिटाला साधारण १३० एमबी जागा घेत होतं. चार मिनिटांचा तुकडा ५२० एमबीचा. दिवसाला दीड जीबीचं पॅक असलेल्या मुलाने असे तीन तुकडे पाहिले की त्याचं दिवसाचं नेट संपलं. आणि ते न अडखळता पाहायचं तर सेकंदाला १७ मेगाबिटहून जास्त वेग सतत हवा. संध्याकाळी सगळं गाव एका टॉवरवर लटकलेलं असतं, तेव्हा हा वेग कुठून येणार?

मोठ्या सेवा इथे एक शहाणपण करतात. तुमची फाइल त्या पाच-सहा आकारांत करून ठेवतात आणि काही सेकंदांच्या तुकड्यांत वाटतात. पाहणाऱ्याचा वेग घसरला की पुढचा तुकडा हलका पाठवतात, सुधारला की भारी. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत अशीच चालते. म्हणून त्यांच्याकडे चित्र कधी धूसर होतं, पण सहसा थांबत नाही. ही अक्कल मोफत मिळते म्हणून आपण खिडकी पाडतो, हे खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण चार मिनिटांच्या ओवीसाठी एवढ्या कारखान्याची गरज आहे का? मला नाही वाटत. एकच आकार नीट निवडला तर पुरतो.

मी एफएफएमपेग नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं आणि चित्राची उंची ४८० ओळींवर आणली. चित्राला सेकंदाला ६०० किलोबिट, आवाजाला ६४. दोन्ही मिळून मिनिटाला पाच एमबी. चार मिनिटांचा तुकडा ५२० वरून २० एमबीवर आला, म्हणजे सव्वीसावा हिस्सा. चित्र बिघडलं का? फोनच्या पडद्यावर फरक शोधावा लागतो. याचंही कारण मजेशीर आहे. व्हिडिओ आकसवणारं तंत्र प्रत्येक चौकट नव्याने लिहीत नाही. मागच्या चौकटीपेक्षा काय बदललं तेवढंच मुख्यतः लिहितं. फुपी एका जागी बसलेली, भिंत हलत नाही, फिरतं ते जातं आणि हात. लिहायला बदलच थोडे. फोन मी हातात धरला असता तर भिंतही थरथरली असती आणि तेवढ्याच जागेत चित्राचा चिखल झाला असता. पाटाला फोन टेकवण्याचा आळस असा कामाला आला.

आवाजात मात्र मी काटकसर केली नाही. ओवीत चित्र धूसर झालं तर चालेल. जात्याची घरघर आणि त्यावर तरंगणारा सूर फाटून चालणार नाही. फुपी एकटीच म्हणते, त्यामुळे दोन कानांचा स्टीरिओ नको होता. एकाच मार्गिकेत ६४ किलोबिट भरपूर झाले.

नव्या पद्धतीचे कोडेक आहेत, व्हीपी९ आहे, एव्ही१ आहे. ते याहून कमी जागेत याहून चांगलं चित्र देतात. मी जुनं एच.२६४ च घेतलं. कारण ते उलगडणारी चिप स्वस्तातल्या जुन्या फोनमध्येही असते. नवा कोडेक जुन्या फोनला स्वतःच्या डोक्याने उलगडावा लागतो. मग फोन तापतो, बॅटरी उतरते आणि नेट असूनही चित्र अडखळतं. आपला वाचक कोणता फोन वापरतो हे आपल्या फोनवरून ठरवायचं नसतं.

एवढं करूनही नातवाकडे व्हिडिओ सुरू व्हायला फार वेळ लागत होता. शेवटचा काटा तिथे निघाला. एमपी४ फाइलला एक अनुक्रमणिका असते: कोणती चौकट फाइलमध्ये कुठे आहे याची. फोन चित्रण करताना ती शेवटी लिहितो, कारण चित्रण संपेपर्यंत त्यालाच माहीत नसतं की किती पानं होणार. आपण पुस्तक लिहून झाल्यावर अनुक्रमणिका करतो तसंच. पण पुस्तकाची अनुक्रमणिका आपण छापताना पुढे आणतो. फाइलची कोणी आणत नाही. मग ब्राउझर बिचारा फाइलच्या तोंडाशी येतो, त्याला काही सापडत नाही, तो शेपटापर्यंत धावतो, अनुक्रमणिका घेतो, परत तोंडाशी येतो. काही सर्व्हरांना फाइलचा मधलाच भाग काढून देणं जमत नाही. तिथे तर अख्खी फाइल उतरेपर्यंत ताटकळावं लागतं. एफएफएमपेगमध्ये फास्टस्टार्ट नावाची एक खूण केली की अनुक्रमणिका पुढे येते. एका शब्दाचं काम. नातवाचा फोन आला, "चाचा, लगेच लागतंय आता." चार रात्रींत मला मिळालेलं हे एकमेव बक्षीस.

आता पानावर एकूण पाच तुकडे आहेत. पान उघडताच पाचही उतरू लागले तर सगळी बचत पाण्यात. म्हणून टॅगमध्ये प्रीलोडला "नको" सांगितलं आणि प्रत्येक तुकड्याला एक स्थिर चित्र लावलं, त्याला पोस्टर म्हणतात. बोट लावलं तरच व्हिडिओ उतरतो. चौकटीची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवली, नाहीतर चित्र आलं की खालचा मजकूर उडी मारतो आणि वाचणाऱ्याची ओळ हरवते. ज्यांना परक्या सेवेची खिडकीच ठेवायची आहे त्यांनीही निदान एवढं करावं: आधी नुसतं चित्र दाखवावं, बोट लावल्यावरच खिडकी उघडावी. कारण त्या खिडकीबरोबर व्हिडिओ सुरू व्हायच्या आधीच शेकडो केबींचा पसारा येतो, ज्याने व्हिडिओ पाहिलाच नाही त्याच्याही फोनवर.

आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओबद्दल मात्र मी मवाळ बोलणार नाही. मी मशिदीच्या सहनात जमाअतची वाट पाहत बसलेल्या एका सज्जन माणसाच्या खिशातून ढोलकी वाजताना ऐकली आहे. मयतीच्या घरात फोन उघडणारा माणूस असतो, दवाखान्यात रात्री जागणारी आई असते, एसटीत मागच्या सीटवर पोरगी असते. आवाज कधी निघावा हे त्यांनी ठरवायचं. ब्राउझर बनवणाऱ्यांनाही हे उशिरा पटलं. क्रोमने २०१८ च्या एप्रिलपासून आवाजासह आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंना अडवायला सुरुवात केली. मग लोकांनी पळवाट काढली, मुका करून सुरू करायचा. मुका व्हिडिओही डेटा तेवढाच खातो, हे सांगायला कोणी मौलवी नको.

व्हिडिओशेजारी ओवीचा मजकूरही लिहून ठेवला आहे. हे मी परीकडून, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडून शिकलो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या आता परीकडे आहेत. तिथे ऐकण्याबरोबर ओवी वाचायलाही मिळते. त्याचा फायदा दुहेरी आहे. फुपीच्या बोलीतला एखादा शब्द शहरी कानाला कळत नाही, तो वाचून कळतो. आणि व्हिडिओ नाहीच चालला, तरी ओवी हाती राहते. ऐकू न येणाऱ्यांसाठी वेबव्हीटीटी पद्धतीची एक साधी मजकूर-फाइल जोडली, ती पडद्यावर ओळी दाखवते. शिवाय प्रत्येक तुकड्याची नुसती आवाजाची फाइल ठेवली. चार मिनिटांचा आवाज दोन एमबीतही भरत नाही.

या शेवटच्या सोयीने एक दार उघडलं, ज्याची मला कल्पना नव्हती. शेजारच्या गावातल्या एका आजींनी निरोप पाठवला: तोंड दिसणार नसेल तर आम्हीही म्हणू. त्यांच्या ओव्यांना पोस्टर म्हणून फक्त त्यांच्या हातांचं आणि खुंट्याचं चित्र लावायचं ठरलं आहे. आपल्याकडे कित्येक बायका नाही म्हणतात ते गाण्याला नव्हे, नजरेला. व्हिडिओ म्हणजे चेहरा आलाच, असं आपण धरून चालतो आणि आवाजही गमावून बसतो.

माझ्या या हट्टाला मर्यादा आहेत, त्या लपवायच्या नाहीत. माझ्या वेबजागेला महिन्याला १०० जीबीची मर्यादा आहे. २० एमबीचा तुकडा पाच हजार वेळा पाहिला गेला की महिना संपला. ओवीला पाच हजार माणसं आली तर मी आनंदाने कर्ज काढीन, ती गोष्ट वेगळी. पण दोन तासांचं व्याख्यान, थेट प्रक्षेपण, हजारोंनी पाहायची सभा, यांना माझी पद्धत पुरणार नाही. तिथे मोठ्या सेवेची खिडकी घ्या, डोळे उघडे ठेवून घ्या, मूळ फाइल जवळ ठेवा आणि शेवटी काय दिसतं ते दुसऱ्याच्या फोनवर स्वतः पाहा. इंटरनेट आर्काइव्हवरही एक प्रत ठेवता येते. तिथे शिफारशींचा बाजार नाही. तेही २०१७ च्या ऑगस्टमध्ये काही काळ आपल्या देशात बंद झालं होतं, म्हणून एकाच ठिकाणी विसंबू नये.

"लोक तिथे आहेत, तुझ्या पानावर कोण येणार?" असं एक मित्र म्हणाला. तो चळवळीत आयुष्य घालवलेला माणूस आहे. त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. पण मी त्याला उलट विचारलं, की मोहल्ल्यात आपण सभा घेतो तेव्हा गर्दी आहे म्हणून बाजाराच्या मधोमध, शिव्या देणाऱ्याच्या शेजारी मांडव घालतो का? वाट दाखवायला बाजारात पाटी लावतो, मांडव आपल्या जागेत घालतो. दुवा तिथे टाका, व्हिडिओ इथे दाखवा. तो म्हणाला, उपमा चांगली आहे, पण लोक पाटी वाचत नाहीत. खरं आहे तेही.

त्याच्याच घरी लोखंडी कपाटात व्हीएचएस कॅसेटी पडल्या आहेत. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. त्यानंतरच्या वर्षांतले मेळावे, परिसंवाद, मुलाखती अशा कोणाकोणाच्या कपाटात असतील. चुंबकीय फितीला बुरशी लागते, तिच्यावरचं चित्र वर्षागणिक विरतं, आणि ती वाजवणारी यंत्रं आता दुरुस्तही होत नाहीत. मी त्याला म्हटलं, फिती दे, मी फाइली करून घेतो. त्यातली अर्धी माणसं आता हयात नाहीत. त्यांनी बोलायची इजाजत दिली होती एका सभागृहाला. त्यांचं बोलणं ही आपल्याकडची अमानत आहे. त्यांचं भाषण संपल्यावर त्यांच्याच चेहऱ्याच्या जागी कोण येऊन बोट रोखेल, हे त्यांना विचारता येणार नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग किल्ली शोधायला उठला. सहा कॅसेटी मिळाल्या, दोन चिकटल्या आहेत.

गेल्या महिन्यात फुपीला नवं पान दाखवलं. नातवाचाच फोन, तेच अंगण. पाचही तुकडे एकामागून एक पाहिले. मधे एकदाही गोल फिरलं नाही. शेवटची ओवी संपली आणि चित्र होतं तिथेच थांबलं: तिचा हात खुंट्यावर, सुनेचे हात समोर. ती थोडा वेळ वाट पाहत राहिली. मागच्या वेळची माणसं येतात की काय ते पाहत असावी.

"संपलं?"

"संपलं, फुपी."

"आन् पीठ भरल्यालं कुठंय?" ती म्हणाली. "दळान दळून पीठ तसंच टाकून उठली म्हनतील लोकं मला."

परवा पुन्हा जाणार आहे, तेवढं घ्यायला.